थेट हातात पडणारी मदत : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी

अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला धान्य, सवलत किंवा कर्ज न देता बँक खात्यात रोख रक्कम देणे, म्हणजे थेट अर्थसाहाय्य. भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे, तळेगाव या कारखानदारी पट्ट्यात अशी मदत देणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत : राज्य शासनाचा सामाजिक न्याय विभाग, कर्मचारी राज्य विमा महामंडळ (ईएसआय), वेगवेगळ्या कामगारांची कल्याण मंडळे, महापालिका आणि ग्रामपंचायती, शिवाय कामगार संघटना आणि कंपन्या. या सगळ्यांसाठी एकच खिडकी मात्र नाही. अर्ज बाद होतात ते बहुधा दोन कारणांनी. एकतर अर्ज चुकीच्या दारात गेलेला असतो, किंवा अर्जदाराचे नाव आधीपासून कोणत्याच यादीत नसते.

यादीतल्या नावाचे महत्त्व २०२० आणि २०२१ मध्ये सर्वांना दिसले. टाळेबंदीत राज्याने बांधकाम कामगारांच्या खात्यात आधी २,००० आणि नंतर ३,००० रुपये जमा केले. एप्रिल २०२१ मध्ये बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले. ही रक्कम नोंदणी किंवा परवाना असलेल्यांसाठीच होती. त्याच इमारतीवर, त्याच ठेकेदाराकडे विटा वाहणाऱ्या बिननोंदणीच्या मजुराला त्यातले काही मिळाले नाही. संकट आल्यावर नोंदणीला वेळ मिळत नाही, म्हणून पुढच्या माहितीतला नोंदणीचा भाग काम चालू असतानाच वाचावा आणि उरकावा.

आधी हद्द ओळखा

या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोंधळ हद्दीचा आहे. चाकण, म्हाळुंगे, आळंदी हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. त्यामुळे आपण ‘पिंपरी-चिंचवडमध्ये’ राहतो, असा अनेकांचा समज होतो. महसुली कामासाठी मात्र ही गावे खेड तालुक्यात येतात.

- महापालिका हद्दीत (भोसरी, निगडी, थेरगाव, चिखली, मोशी इत्यादी) राहणाऱ्यांनी पिंपरी-चिंचवडच्या अपर तहसीलदार कार्यालयात जावे.
- चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी येथील रहिवाशांचे तहसील कार्यालय राजगुरुनगरला आहे.
- तळेगाव आणि आसपासच्या गावांसाठी मावळचे तहसील कार्यालय वडगावला आहे.

महापालिकेच्या स्वतःच्या योजना, म्हणजे दिव्यांगांना अर्थसाहाय्य, विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठीची मदत, दहावी-बारावीच्या गुणवंतांना बक्षीस रक्कम, या फक्त महापालिका हद्दीतल्या रहिवाशांना मिळतात. चाकण भागातल्या दिव्यांग व्यक्तीने तिथे खेटे घालू नयेत. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यामुळे ती मागणी आपल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे लेखी करावी.

बीड, लातूर, परभणी, नांदेडहून आलेल्या कुटुंबांचे रेशनकार्ड बऱ्याचदा गावीच असते. गावचा पत्ता आणि इथला मुक्काम यांचा मेळ बसला नाही की चौकशीत अर्ज अडतो. इथे कायम राहायचे ठरले असेल तर रेशनकार्ड आणि आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या. भाडेकरार आणि वीजबिलाची प्रत जपून ठेवा.

नोकरी गेली, तर

पगाराच्या पावतीवर ‘ईएसआय’ अशी कपात दिसत असेल, तर कामगार विमाधारक आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना (दिव्यांगांसाठी २५,०००) हा विमा लागू होतो. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कंत्राटी कामगारालाही हा विमा तितकाच लागू आहे, आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली नेमलेल्या उमेदवाराला तो लागू नाही. म्हणून ‘ट्रेनी’ म्हणून घेतले असेल तर नेमणूकपत्रात नेमके काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे.

काम सुटल्यावर दोन वेगळ्या योजना आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षांची विमायोग्य नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. ही योजना मुदतीची असून तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली गेली आहे, तेव्हा अर्जाआधी सध्याची मुदत विचारून घ्यावी. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडणे, कामगारकपात होणे किंवा कायमचे अपंगत्व येणे यासाठी आहे. तिच्यात पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो.

खरी मेख नोकरी सोडण्याच्या कारणात आहे. स्वेच्छेने राजीनामा दिला किंवा शिस्तभंगावरून काढले, अशी नोंद झाली की बेकारी भत्ता मिळत नाही. कामावरून कमी करताना ‘राजीनामा द्या, हिशेब लगेच मिळेल’ असे सांगितले जाते. त्या कागदावर सही केली की हा भत्ता आणि कामगारकपातीची भरपाई दोन्ही हातचे जातात, हे सही करण्याआधी ध्यानात ठेवा. एक वर्ष सलग काम झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे. कोणत्याही मदतीच्या मागे लागण्याआधी तो वसूल करावा.

आजार आणि अपघात

आजारपणात ईएसआयकडून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत ती ८० टक्के आणि बऱ्याच जास्त काळ मिळू शकते. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी काळात (१ एप्रिल ते ३० सप्टेंबर, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च) किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ठेकेदार मध्येच ‘ब्रेक’ दाखवतो तेव्हा फटका बसतो तो या ७८ दिवसांना. दर दोन-तीन महिन्यांनी ईएसआयच्या संकेतस्थळावर आपले भरलेले दिवस तपासत जा. त्रुटी तेव्हाच पकडली तर दुरुस्त होते, आजारी पडल्यावर उशीर झालेला असतो.

कामावर इजा झाली तर वर्गणीच्या दिवसांची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात बरे होईपर्यंत ९० टक्के वेतन मिळते. पाळीला जाताना किंवा पाळीहून परतताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध सिद्ध झाला तर, कामावरचा अपघात धरला जातो. चाकण-तळेगाव रस्ता आणि नाशिक महामार्गावरची अवजड वाहतूक पाहता ही तरतूद इथल्या प्रत्येक कामगाराच्या घरी माहीत असायला हवी. अपघाताची नोंद कंपनीच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी करून घ्या. मोहननगर, चिंचवड इथल्या ईएसआय रुग्णालयात किंवा आपल्या दवाखान्यात दाखला घ्या. दाव्याचे काम बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयाच्या अखत्यारीत चालते.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर वेगळी भरपाई आहे : मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये. त्यासाठी पोलिसांचा अहवाल आणि वैद्यकीय कागद जोडून महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. वाहन सापडले नाही म्हणून पुष्कळ कुटुंबे सगळेच सोडून देतात. तसे करू नये.

कमावता माणूस गेला, तर

या वेळी घरात कागद पाहायला कुणाचे मन नसते, आणि नेमक्या याच वेळी सर्वाधिक रकमा देय असतात. नातेवाइकांपैकी किंवा संघटनेतल्या एकाने ही यादी हातात घेऊन काम अंगावर घ्यावे.

- विमाधारकाच्या अंत्यविधीसाठी ईएसआयकडून १५,००० रुपयांपर्यंत रक्कम, आणि मृत्यू कामामुळे झाला असेल तर वारसांना ९० टक्के वेतनाच्या हिशेबाने दरमहा अवलंबित लाभ.
- पीएफ सदस्याच्या वारसांना विम्यापोटी जास्तीत जास्त ७ लाख रुपये. एक वर्ष सलग नोकरी झालेल्यांसाठी किमान रक्कम २.५ लाख. याशिवाय विधवेला आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना निवृत्तिवेतन. अर्ज आकुर्डी किंवा पुणे इथल्या पीएफ कार्यालयात, नोकरी कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत होती त्याप्रमाणे.
- दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. दिरंगाई झाली तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, म्हणून मृत्यूचा दाखला मिळताच द्यावा.
- एकच पालक उरलेल्या किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. वय १८ पूर्ण होईपर्यंत दर मुलामागे दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बालकल्याण समितीकडून.

शेवटची योजना फार थोड्यांना ठाऊक आहे. दोन मुले असलेल्या विधवेच्या घरात या योजनेमुळे दरमहा ४,५०० रुपये येतात. शाळेतल्या शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी आपणहून अशा आईपर्यंत ही माहिती पोहोचवावी.

ईएसआयखाली नसलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर भरपाई मालकाने द्यायची असते, आणि ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करून. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्याने भरपाई म्हणून धरली जात नाही. तेराव्याआधी घरी येऊन पाकीट देणारे आणि कोऱ्या कागदावर सही घेणारे लोक हे सांगत नाहीत. तसली सही कोणीही करू नये.

बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाचा, मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार नोंदवता येतो. गवंडी, बिगारी, फरशीवाले, रंगारी, प्लंबर, सेंट्रिंगवाले असे सगळे यात बसतात. ९० दिवसांचे प्रमाणपत्र ठेकेदार, ग्रामसेवक किंवा महापालिकेचा अधिकारी देऊ शकतो. शुल्क नाममात्र आहे. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि ते चुकले की लाभ थांबतात.

मिळणाऱ्या रकमा अशा : नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास २०,००० रुपये, दोन अपत्यांपर्यंत. मुलांच्या शिक्षणासाठी पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,०००, अभियांत्रिकीला ६०,००० आणि वैद्यकीयला १ लाख. गंभीर आजारासाठी १ लाख. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूस २ लाख आणि विधवेला पाच वर्षे दरसाल २४,०००. हा पैसा बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो. मोशी, चऱ्होली, वाकडमध्ये उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या गृहसंकुलासाठी तो भरावा लागतो.

घरोघर धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या महिलांसाठी २००८ च्या कायद्याने वेगळे मंडळ आहे. त्यातून प्रसूतीसाठी ५,००० रुपये आणि वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदणीकृत महिलांना १०,००० रुपये सन्मानधन दिले जाते. ज्या घरात काम करतात तिथल्या मालकाची सही या नोंदणीला उपयोगी पडते. सोसायटीतल्या रहिवाशांनी ती द्यायला का-कू करू नये.

कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून जून आणि डिसेंबरमध्ये २५ रुपये कापले जातात, ते महाराष्ट्र कामगार कल्याण निधीसाठी. त्या बदल्यात मुलांची शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकांसाठी साहाय्य आणि दुर्धर आजारात मदत मिळू शकते. कपात सगळ्यांची होते, अर्ज मात्र थोडेच करतात. आपल्या जवळच्या कामगार कल्याण केंद्रात विचारा.

उत्पन्नच नसलेल्या घरासाठी

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून ६५ वर्षांखालच्या निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी व्यक्ती, अनाथ मुले, तृतीयपंथी यांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेत तेवढीच रक्कम आहे. २०२५ च्या निर्णयाने दिव्यांगांसाठी ती २,५०० झाली. महाराष्ट्रातले किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. त्यामुळे मराठवाड्यातून आलेला माणूस बसतो, अलीकडेच बिहार किंवा ओडिशातून आलेला बसत नाही.

उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. या पट्ट्यात कंत्राटी कामगार महिन्या-दीड महिन्यात कमावतो त्याहून ही वर्षाची मर्यादा फारशी वेगळी नाही. ज्या घरात कुणी एक जरी कामाला जातो, ते घर अटीत बसणे जवळजवळ अशक्य. ही मर्यादा वाढलीच पाहिजे. ती वाढत नाही तोवर अर्जदाराने एवढे पाहावे की उत्पन्नाच्या दाखल्यात कुटुंब म्हणून कोण धरले आहे. वेगळे राहणाऱ्या, वेगळे रेशनकार्ड असलेल्या नातेवाइकाचे उत्पन्न त्यात चुकून मिळवले जाऊ नये. खोटा दाखला मात्र काढू नका. चौकशीत अनुदान बंद होते आणि वसुलीही होऊ शकते.

पैसे मंजूर झाले, पण खात्यात आले नाहीत

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. थेट हस्तांतरणाची रक्कम अर्जावर लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात ती जाते. इथला कामगार ठेकेदार बदलतो तसे प्रत्येक ठेकेदार नवे पगार खाते उघडतो, आणि आधार त्या नव्या खात्याशी जोडला जातो. पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडून राहतात. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर बँक खाते निष्क्रिय ठरवते.

उपाय सोपा आहे. ‘माय आधार’ संकेतस्थळावर आपला आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते दिसते. नको असलेली बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार-जोडणीचा अर्ज द्या. आधार, बँक आणि पीएफ या तिन्ही ठिकाणी नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक एकसारखे ठेवा. अनुदानाची रक्कम येते त्या खात्यावर कर्जाचा हप्ता लावू नका.

अर्ज भरून देणाऱ्या एजंटाला ओटीपी, एटीएम कार्ड किंवा मंजूर रकमेतला वाटा देऊ नये. बांधकाम कामगार मंडळाकडून मिळणारी भांडी किंवा सुरक्षा पेटी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याची लेखी तक्रार कामगार कार्यालयात करावी.

अर्ज अडला, तर

प्रत्येक अर्जाची तारीख असलेली पोच घ्या. तोंडी नकार मानू नका, कारण लेखी मागा. अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील, मग दुसरे अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. आपला अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

मदत देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

कामगार संघटना, गणेश मंडळे, गृहसंस्था आणि कंपन्या संकटकाळात किराणा किट वाटतात. कुटुंबाला त्या आठवड्यात खोलीभाडे, औषध किंवा शाळेचे शुल्क यांतले काय भागवायचे आहे, हे देणाऱ्याला माहीत नसते. म्हणून रोख रक्कम अधिक उपयोगी पडते. ‘पैसे दारूत जातील’ ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातल्या गावांत दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली, तेव्हा दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. आहार, शाळा आणि छोट्या धंद्यावर मात्र खर्च वाढला.

देताना एवढे पाळा. रक्कम खात्यावर द्या आणि साध्या कागदावर नोंद ठेवा. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते का ते आधी तपासा. व्यक्तीला दिलेल्या रकमेवर देणाऱ्याला आयकरात वजावट मिळत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम आली तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. कंपनीने फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सामाजिक दायित्वाच्या निधीत दाखवता येत नाही. तो कामगार कल्याणाचा खर्च म्हणूनच करावा. घेणाऱ्याचे फोटो काढून फलकावर लावू नयेत.

आणि पैसे दिल्यानंतर आपला एक माणूस त्या कुटुंबाबरोबर राजगुरुनगरच्या तहसील कार्यालयात किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात जरूर पाठवा. देणगीची रक्कम महिन्याभरात संपते, पण मंजूर झालेले अनुदान दरमहा येत राहते.